पूर्वापार म्हणजे नक्की कधीपासून?

चवदार तळ्याची जी गोष्ट आपण शाळेत शिकतो ती १९२७ सालीच संपते. मार्चमध्ये बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी घेतलं, डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळली, पुढचा धडा सुरू. प्रत्यक्षात तळ्याचा दावा त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं कोर्टात चालला होता. आधी महाडचं दिवाणी न्यायालय, मग ठाण्याचं अपील कोर्ट आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालय. तिन्ही ठिकाणी स्पृश्य वादी हरले. बाबासाहेब जिंकले.

पण कशावर जिंकले, हे वाचलं की दचकायला होतं. अस्पृश्यता अन्यायकारक आहे म्हणून नव्हे. पाण्यावर सगळ्यांचा सारखाच हक्क आहे म्हणूनही नव्हे. अस्पृश्यांना पाण्यापासून दूर ठेवण्याची आपली रूढी पुरेशी जुनी आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही म्हणून.

‘ही आमची संस्कृती आहे’ आणि ‘हा माझा माणूस म्हणून हक्क आहे’ ही दोन वाक्यं समोरासमोर आली की कायदा काय करतो, हा मानवी हक्कांच्या कायद्यातला सगळ्यात अवघड भाग समजला जातो. त्यावर जगभर ढीगभर लिहिलं गेलंय. मला मात्र वाटतं की महाडचा हा एक दावा नीट समजून घेतला तर निम्मा विषय हाती येतो. उरलेला निम्मा म्हणजे कायद्यानं नंतर आपला प्रश्न कसा बदलला, आणि कुठे बदलला नाही.

दावा काय होता

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये स्वतःचा ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर. गावातल्या दहशतीपुढे पुढची तीन वर्षं तिथे पाणी भरायला कोणी गेलं नाही.

२० मार्च १९२७ ला परिषदेसाठी आलेले लोक मिरवणुकीनं तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर काही तासांतच, ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई उठली आणि परत निघालेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. तळं शेणा-गोमूत्रानं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला जुना ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा गावातल्या काही मंडळींनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी तो हुकूम मानला, सत्याग्रह पुढे ढकलला आणि लढाई कोर्टात नेली. जमलेल्या हजारो माणसांना हे पटवून देणं किती कठीण गेलं असेल, याची कल्पना करून पाहावी.

वादींचं म्हणणं दोन भागांत होतं. एक, तळं आमच्या मालकीचं आहे. दोन, मालकीचं नसलं तरी ते फक्त स्पृश्यांनी वापरायचं अशी पूर्वापार रूढी आहे, आणि रूढी म्हणजे कायदाच. पहिलं म्हणणं टिकलं नाही. तळं चार-पाच एकरांचं, बहुतांशी नैसर्गिक, चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. त्यापलीकडे स्पृश्य हिंदूंची आणि काही मुसलमानांची घरं. काहींनी काठावर घाट बांधले होते, पण तेवढ्यानं तळं त्यांचं होत नाही. कायद्यानं ते नगरपालिकेच्या ताब्यातलं होतं. मुसलमान तळं वापरत, त्यानं विटाळ होत नसे, हेही इथेच लक्षात ठेवलेलं बरं.

खरा खटला दुसऱ्या मुद्द्याचा होता.

रूढी कायदा कशी झाली

आज ‘रूढी’ म्हटलं की आपल्याला सामाजिक सवय वाटते. ब्रिटिश काळात ती थेट कायद्याचा एक प्रकार होती. मुंबई इलाख्यात १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशननं न्यायाधीशांना क्रम घालून दिला होता. आधी सरकारी कायदा पाहा. तो नसेल तर देशाची चालरीत. तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा, आणि काहीच सापडलं नाही तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. म्हणजे सद्सद्विवेकाचा नंबर शेवटचा! पुढे १८६८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे हिंदुस्थानातली अपिलं शेवटी जिथे जात त्या लंडनच्या न्यायपीठानं, रामनाडच्या प्रकरणात सांगून टाकलं की हिंदू कायद्यात स्पष्टपणे सिद्ध झालेली वहिवाट ही ग्रंथात लिहिलेल्या वचनापेक्षाही वरचढ ठरेल.

मग कोणीही उठून ‘ही आमची रूढी’ म्हणेल, म्हणून न्यायालयांनी कसोट्या ठेवल्या. रूढी फार जुनी हवी, अखंड हवी, निश्चित हवी, अवाजवी नको, सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नको. ‘फार जुनी’ म्हणजे किती, याला इंग्लंडमध्ये चक्क एक साल ठरलेलं होतं. ११८९, राजा पहिला रिचर्ड गादीवर आला ते वर्ष. भारतात कोर्टांनी त्या सालाचा हट्ट धरला नाही, पण ‘स्मरणातीत काळापासून’ ही अट राहिलीच. कोकणातल्या एका तळ्यावर कोणी पाणी भरायचं हे ठरवायला इंग्लिश राजगादीच्या हिशेबातून आलेली मोजपट्टी वापरली जात होती, आणि तरीही त्या रूढीला ‘आपली अस्सल परंपरा’ म्हणायचं. ही विसंगती तेव्हाही कोणाच्या लक्षात आली नसेल असं नाही.

उच्च न्यायालयात खंडपीठ होतं न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांचं. (हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादला न्यायाधीश असताना त्यांनी गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा दिली होती. एका माणसाच्या कारकिर्दीत गांधी आणि आंबेडकर दोघांचे ऐतिहासिक खटले यावेत, हा योगायोग मोठा आहे.) साक्षीपुराव्यातून एवढं दिसत होतं की हयात माणसांच्या आठवणीत अस्पृश्यांनी त्या तळ्याचं पाणी भरलेलं नाही. पण तेवढ्यावरून ‘स्मरणातीत काळापासून’ असं अनुमान काढायला न्यायालय तयार झालं नाही. देवळांच्या खटल्यांत तसं अनुमान काढलं जात असे, पण चारही बाजूंनी मोकळ्या असलेल्या सार्वजनिक तळ्याला ते लागू करणं बरोबर नाही, असा एकूण सूर होता. अपील फेटाळलं.

निकालात एक छोटीशी जागा आहे, तिथे वाचक म्हणून मी दर वेळी थांबतो. न्यायालय म्हणतं, रूढी सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता. खालच्या कोर्टात तो मुद्दा तसा मांडला गेलाच नव्हता. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न न विचारताच खटला संपला. दार उघडं ठेवलं, पण आत कोणी गेलं नाही.

आणि आत गेलं असतं तर काय झालं असतं, याची खात्री देता येत नव्हती. दक्षिणेत कमुदीच्या देवळात नाडार समाजाच्या लोकांनी १८९७ मध्ये प्रवेश केला, त्याचा दावा १९०८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि तिथे रूढी जिंकली. नाडार हरले. कायदा तोच, कसोटीही तीच.

या कसोटीत काय बिघडलेलं होतं

पहिला बिघाड उघड आहे. अन्याय जितका जुना तितका त्याचा दावा भक्कम. दहा वर्षांपूर्वी कोणी तुमची वाट अडवली तर तुम्ही कोर्टातून ती मोकळी करून घेऊ शकता, हजार वर्षांपूर्वी अडवली असेल तर ती अडवणाऱ्याची मिळकत होते.

दुसरा बिघाड लवकर दिसत नाही, पण मला तो जास्त गंभीर वाटतो. रूढी अखंड चालत आली हे दाखवायला पुरावा काय? तर अस्पृश्य तळ्यावर कधी आले नाहीत हा. ज्यांना येऊच दिलं नाही त्यांचं न येणं हीच त्यांची संमती धरली जाते. भीतीपोटी गप्प राहिलेल्या माणसाची चुप्पी वहीत जमा होत जाते आणि पिढ्यांनंतर ती त्याच्याच विरुद्ध सादर होते. ऐतिहासिक अन्याय म्हणजे नुसता पूर्वी झालेला अन्याय नव्हे. ज्यानं आपल्याविरुद्धचा पुरावाच तयार होऊ दिला नाही, असा अन्याय.

दावा कोर्टात पडून असताना महाडला जमलेल्या माणसांनी मात्र वेगळाच प्रश्न मांडला होता. २५ डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रान्सचा, तिथल्या राष्ट्रीय सभेचा दाखला दिला. परिषदेत जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. हे पाणी प्यायलो नाही म्हणून आजवर आम्ही मेलो नाही आणि प्यायल्यानं अमरही होणार नाही. आम्हीही इतरांसारखी माणसं आहोत हे दाखवायला तळ्यावर जायचं, हा भाषणाचा गाभा. इथे रूढी किती जुनी हा मुद्दाच नाही. ती खरोखर अनादि असती तरी फरक पडत नव्हता. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा यायला अजून एकवीस वर्षं बाकी होती.

प्रश्न बदलला तो असा

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं, तेच पुढे कलम १७ झालं. त्यानंतर अकरा दिवसांनी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला गेला. दोन्हीकडे हजर असलेलं एक नाव मुंबईचं आहे. हंसा मेहता संविधान सभेच्या सदस्य होत्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधीही. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल अशी इंग्रजी शब्दयोजना होती, ती त्यांच्या आग्रहानं ‘सर्व मानव’ अशी झाली.

आपल्या संविधानात महाडची छाया कलम १७ पेक्षाही कलम १५(२) मध्ये जास्त स्पष्ट दिसते. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते, सार्वजनिक जागा यांच्या वापरापासून कोणत्याही नागरिकाला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून अडवता येणार नाही. ‘तळी’ हा शब्द संविधानात उगाच आलेला नाही. शिवाय हे बंधन फक्त सरकारवर नाही, शेजाऱ्यावरही आहे.

त्याच्याआधीचं कलम १३ लोक सहसा वाचत नाहीत. ते म्हणतं की मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता रद्द, आणि ‘कायदा’ या शब्दात कायद्याचं बळ असलेली रूढी आणि वहिवाटही धरायची. १८२७ पासून रूढीला जी खुर्ची मिळाली होती ती काढून घेतली असं नव्हे. खुर्ची तशीच ठेवली, पण तिच्यावर बसणाऱ्याला मूलभूत हक्कांच्या परीक्षेला बसवलं. किती जुनी, हा प्रश्न मागे पडला. माणसाशी कशी वागते, हा पुढे आला.

पुराव्याचं ओझंही फिरलं. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा, जो १९७६ च्या दुरुस्तीनं नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, त्याच्या कलम १२ मध्ये एक गृहीतक आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध त्या कायद्यातलं कृत्य झालं असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं कोर्टानं धरून चालायचं. तसं नव्हतं हे आरोपीनं सिद्ध करायचं. जुन्या काळातल्या चुप्पीच्या हिशेबाची ही उलटी बाजू.

तरी १९९२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयासमोर जे प्रकरण निकाली निघालं ते पुन्हा पाण्याचंच होतं. कर्नाटकातल्या एका गावात नव्यानं खोदलेल्या बोअरवेलवरून दलितांना पाणी भरू दिलं नाही, बंदूक दाखवून धमकावलं. खालच्या कोर्टाची शिक्षा उच्च न्यायालयानं रद्द केली होती, सर्वोच्च न्यायालयानं काही आरोपींच्या बाबतीत ती पुन्हा कायम केली. बोअरवेल नवी! तिथे पूर्वापार काही असणं शक्यच नव्हतं. म्हणजे रूढी तळ्याला किंवा विहिरीला चिकटलेली कधीच नव्हती. ती माणसाला चिकटवलेली होती, आणि माणूस जाईल तिथे तिला नवा पाणवठा मिळत होता. १९३७ च्या कोर्टानं तळ्याचा इतिहास शोधला, तो चुकीच्या जागी शोधला असं म्हणायला हरकत नाही.

संस्कृतीचा हक्क कोणाचा?

इथपर्यंत वाचून असं वाटेल की मानवी हक्कांचा कायदा म्हणजे संस्कृतीचा वैरी. तसं नाही. सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क वैश्विक जाहीरनाम्याच्या कलम २७ मध्ये आहे. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम १५ मध्येही तो आहे, आणि भारत १९७९ मध्ये त्या करारात सामील झाला. आपल्या कलम २९ नं भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला आहे. संस्कृती हिरावून घेणं हाही एक ऐतिहासिक अन्यायच असतो. जगभरच्या आदिवासींना विचारा.

गाठ पडते ती हा हक्क कोणाचा, इथे. समूहाचा की समूहातल्या प्रत्येकाचा? कॅनडातल्या सँड्रा लव्हलेस या मॅलिसीट नावाच्या आदिवासी समाजातल्या. तिथल्या ‘इंडियन’ म्हणजे आदिवासींसाठीच्या कायद्यानुसार आदिवासी बाईनं बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं तर तिचा आदिवासी दर्जा जायचा. पुरुषानं बाहेरची बायको केली तर त्याचा राहायचा. घटस्फोटानंतर त्या आपल्या वस्तीत राहायला परत आल्या तर त्यांना तो हक्कच उरला नव्हता. त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेल्या. १९८१ मध्ये समितीनं सांगितलं की आपल्या लोकांसोबत आपली संस्कृती जगण्याचा त्यांचा हक्क मोडला गेला आहे. कॅनडानं १९८५ मध्ये कायदा बदलला. सरकारनं समाजाच्या रक्षणाचं कारण दिलं होतं, पण बाईला बाहेर काढणारा नियम त्या समाजाच्या आजी-पणजीनं केलेला नव्हता, तो सरकारनंच कायद्यात लिहिला होता.

लव्हलेस यांनी संस्कृतीच्या विरुद्ध काही मागितलं नाही, तिच्यातला आपला वाटा मागितला. महाडलाही तेच झालं. तळ्यावर जमलेले लोक संस्कृतीबाहेरून चाल करून आले नव्हते. आज दरवर्षी २० मार्चला महाडला गर्दी लोटते, गाणी होतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, लोक मुलांना खांद्यावर घेऊन तळं दाखवतात. ही परंपरा शंभर वर्षांचीही नाही, ११८९ च्या मोजपट्टीवर ती नापास होईल. पण तिला संस्कृती म्हणायचं नाही असं कोण म्हणेल?

२००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीनं सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याच्या हक्कावर सविस्तर भाष्य केलं, त्यात दोन गोष्टी कामाच्या आहेत. सांस्कृतिक विविधतेचं कारण पुढे करून कोणाला इतरांचे मानवी हक्क तोडता येणार नाहीत. आणि एखाद्या प्रथेत भाग न घेणं हीसुद्धा माणसाची सांस्कृतिक निवडच आहे. दुसरा मुद्दा आपल्या गावकीत आणि जातपंचायतीत सांगून पाहा.

शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा प्रश्न २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आला तेव्हा शेकडो वर्षांच्या परंपरेचा हवाला दिला जात होता. ती किती शतकांची, या वादात न्यायालय पडलं नाही. १९५६ चा मंदिरप्रवेशाचा राज्याचा कायदा आहे, पुरुष जाऊ शकतात तिथे स्त्रियांना अडवता येत नाही, एवढ्यावर काम झालं. १९३७ आणि २०१६. त्याच न्यायालयाच्या या दोन निकालांमध्ये प्रश्न किती बदलला ते दिसतं.

जिथे सरकारच अडखळतं

आंतरराष्ट्रीय करारांच्या बाबतीत भारताचा हात दोन ठिकाणी थबकला आहे, आणि दोन्ही ठिकाणं नेमकी संस्कृतीचीच आहेत.

स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या कराराचं कलम ५ सांगतं की स्त्री दुय्यम आहे या समजुतीवर उभ्या असलेल्या सामाजिक-सांस्कृतिक रीती सरकारनं बदलाव्यात. भारतानं १९९३ मध्ये करार मान्य केला, पण सोबत निवेदन जोडलं की एखाद्या समाजाच्या खासगी बाबतीत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय आम्ही हात घालणार नाही. समाजाची संमती म्हणजे कोणाची? बैठकीला जे बसतात त्यांची, की ज्यांना बैठकीत बोलावलंच जात नाही त्यांची? निवेदनात याचं उत्तर नाही.

दुसरं ठिकाण जातीचं. वांशिक भेदभावविरोधी करारात भेदभावाच्या कारणांमध्ये ‘कुळ-वंश’ अशा अर्थाचा शब्द आहे, आणि गंमत म्हणजे तो १९६५ मध्ये भारताच्याच सूचनेवरून आला. पुढे करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं २००२ मध्ये स्पष्ट केलं की या शब्दात जातीही येतात. भारत सरकार ते मानत नाही. जात म्हणजे वंश नव्हे, आमच्या संविधानात तिची व्यवस्था आहे, अशी भूमिका २००१ च्या दरबानच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेतही होती आणि नंतरही राहिली. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. संविधान खरोखरच पुढचं आहे. पण घरचा कायदा चांगला असणं हे बाहेरच्या प्रश्नांना उत्तर न देण्याचं कारण होऊ शकत नाही.

संस्कृतीच्या नावानं माणूस बाहेर काढण्याची बाबही अशीच अर्धवट आहे. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये वाळीत टाकण्यावर बंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं तो कायदा रद्द केला, धर्मसंप्रदायाला आपला कारभार चालवण्याचं स्वातंत्र्य आहे म्हणून. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र वेगळं मत दिलं. वाळीत टाकलेल्या माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, ही त्यांची मांडणी मला आजही निकालाच्या बहुमतापेक्षा वजनदार वाटते. २०२३ च्या फेब्रुवारीत पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं हा प्रश्न नऊ न्यायाधीशांकडे पाठवला. दरम्यान महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, २०१६ चा. तो २०१७ मध्ये लागू झाला आणि देशातला अशा प्रकारचा पहिला. त्यामागे जातपंचायतींविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं चालवलेली मोहीम होती. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

झालेल्याचं काय करायचं

आतापर्यंत आपण पुढे अन्याय होऊ नये याबद्दल बोललो. झालेल्याचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं १६ डिसेंबर २००५ रोजी भरपाईची तत्त्वं मान्य केली. गेलेलं परत देणं, नुकसानभरपाई, पुनर्वसन, सत्य मान्य करून माफी मागणं, आणि पुन्हा होणार नाही याची हमी. यातलं पहिलं आणि दुसरं ऐतिहासिक अन्यायाला लावताना कायद्याची दमछाक होते. कर्ता हयात नाही, बळी हयात नाही, तेव्हाच्या कायद्यानं ते कृत्य गुन्हाही नव्हतं. तळ्यावर न मिळालेल्या पाण्याचं बिल कोणाच्या नावानं काढणार? म्हणून आपल्याकडे आरक्षणासारखे उपाय आले, जे मागचा हिशेब न मांडता पुढची दारं उघडतात. पण सत्य मान्य करण्यात पैसा लागत नाही, आणि तेच सर्वात कमी झालं आहे.

विमुक्त जमातींचं पाहा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि मग १९११ चा सुधारित कायदा, यांनी अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. तर्क असा की हिंदुस्थानात धंदा जातीनं येतो, तेव्हा गुन्ह्याचा धंदाही जातीनंच येत असणार. संस्कृतीचा अभ्यास केल्याचा आव आणून केलेला हा अन्याय. सोलापूरला या जमातींना डांबून ठेवणारी सेटलमेंट, म्हणजे वसाहत, तारेच्या कुंपणात होती, रोजची हजेरी होती. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये आणि केंद्रानं ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द केला. मात्र त्याच सुमारास सराईत गुन्हेगारांचे कायदे राज्याराज्यांत आले आणि पोलिसांची नजर त्याच वस्त्यांवर राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव समितीनं २००७ मध्ये भारताला हा सराईत गुन्हेगारांचा कायदाच रद्द करा असं सुचवलं. आजही कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी कोण जातं, हे गावात कोणालाही विचारा.

या सगळ्या धाग्यांची गाठ ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात पडली. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगातल्या जातिभेदावर वार्तांकन केलं आणि मग सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत स्वयंपाक कोणत्या जातीनं करायचा आणि झाडलोट कोणत्या, हे लिहिलेलं होतं. पश्चिम बंगालच्या नियमावलीतला एक नियम वाचण्यासारखा आहे. सफाईला कैदी निवडायचे ते अमुक जातींतले, किंवा ‘जिल्ह्याच्या रिवाजानुसार’ बाहेर असताना असंच काम करणाऱ्या जातींतले. १८२७ च्या रेग्युलेशनमधली देशाची चालरीत दोनशे वर्षांनी तुरुंगाच्या संडासापर्यंत शाबूत होती. न्यायालयानं हे नियम संविधानाच्या समता, अस्पृश्यताबंदी, जीवित आणि सक्तीच्या श्रमाविरुद्धच्या कलमांखाली रद्द केले, विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या उल्लेखांवर बोट ठेवलं आणि राज्यांना तीन महिन्यांत नियमावल्या बदलायला सांगितलं.

त्याच निकालात आणखी एक आदेश आहे, तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा. रकाना असेल तर त्यावरून कामं वाटली जातात, हे खरंच. पण तुरुंगांत दलित, आदिवासी आणि विमुक्त किती आहेत, हे आजवर आपल्याला कळत आलं ते जातीच्या नोंदी ठेवल्या जातात म्हणूनच. काम वाटणाऱ्या जेलरच्या हातात जात असू नये आणि अन्याय मोजणाऱ्याच्या हातात मात्र असावी, अशी वही कशी आखायची, हे काम आता नियमावल्या लिहिणाऱ्या गृहखात्यांपुढे आहे.